जुन्या बाजाराचा गुन्हा कोणता?

पुण्याच्या मंगळवार पेठ परिसरात रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरण्याचा रिवाज जुना आहे. पथाऱ्यांवर पाने, पकडी, कुलपे, नळाच्या तोट्या, शिवणयंत्राचे सुटे भाग, पितळी समया, दुरुस्त केलेले पंखे आणि कोणाच्या तरी अंगावरून उतरलेले गरम कोट यांची मांडामांड होते. गॅरेजमध्ये काम शिकणारा पोरगा पान्यांचा आपला पहिला संच येथे घेतो, बांधकामावरचा मजूर थंडीचे कपडे येथे शोधतो. नव्या मालाच्या दुकानाची पायरी चढण्याची यांपैकी कोणाचीच ऐपत नसते. तरीही असे बाजार नगरपालिकांच्या दफ्तरी अतिक्रमण ठरतात, पांढरपेशांच्या लेखी बकालपणा ठरतात आणि पोलिसांच्या लेखी चोरीच्या मालाचे कोठार!

बकालपणाच्या आरोपात फारसा दम नाही. पथारीवरची समई काचेच्या कपाटात जाऊन बसली की तीच पुरातन वस्तू होते आणि कितीतरी पट किमतीला त्याच पांढरपेशांच्या दिवाणखान्यात येते. चोरीचा आरोप मात्र गंभीर आहे. मुंबईच्या चोर बाजाराच्या तर नावातच निकाल देऊन ठेवलेला आहे. मूळ नाव ‘शोर बाजार’ होते अशी एक आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, त्या नावाची शिक्षा विक्रेत्यांच्या पिढ्या भोगत आल्या आहेत. जुन्या बाजारात चोरीची वस्तू कधीच येत नाही, असे कोणी म्हणणार नाही. परंतु भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाप्रमाणे माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना, अथवा तसे मानण्यास कारण असताना, तो अप्रामाणिकपणे घेणे हा गुन्हा आहे. पावती नसणे हा गुन्हा नव्हे.

आणि ही पावती द्यायची कोणी? बोहारीण दारावर येते, स्टीलचे पातेले दाखवते, दोन पँटी आणि एक साडी मागते. गृहिणी तासभर घासाघीस करून एक पँट वाचवते. (बहुधा दोघींनाही आपणच फसलो असे वाटत असते.) या व्यवहारात कोणत्या गृहिणीने आजवर पावती फाडून दिली आहे? रद्दीवाल्याला तरी कोण देते? आपल्या घरातून वस्तू बाहेर टाकताना ज्या समाजाला कागदाची आठवण होत नाही, तोच समाज ती वस्तू पथारीवर दिसताच कागद मागतो. जुन्या मोटारी विकणाऱ्या कंपनीच्या काचेच्या दालनाकडे मात्र संशयाने पाहण्याची कोणाची छाती होत नाही.

या धंद्यात माल फुकट मिळतो, हा असाच एक गोड गैरसमज. बोहारणीचे भांडे उधारीवर आलेले असते. जमवलेले कपडे निवडायचे, धुवायचे, उसवलेले शिवायचे, गुंड्या लावायच्या, उरलेल्या चिंध्या यंत्रे पुसण्यासाठी कारखान्याकडे धाडायच्या. बंद पंखा उघडून त्याचे गुंडाळे नव्याने भरायचे. हे श्रम आहेत आणि निरुपयोगी ठरलेल्या वस्तूत मूल्य त्यांनीच निर्माण होते. पंचतारांकित सभागृहांतून ‘चक्राकार अर्थव्यवस्थे’वर परिसंवाद भरतात, त्या अर्थव्यवस्थेचे खरे कारागीर त्याच वेळी अतिक्रमणविरोधी पथकाच्या गाडीमागे धावत असतात.

कायदा नाही, असेही नाही. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटवण्यास मनाई केली आहे. जप्तीच्या वेळी मालाची यादी दिली पाहिजे आणि नाशवंत नसलेला माल मागणी केल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत परत केला पाहिजे. पन्नास वर्षांहून अधिक काळ चाललेला नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून घोषित करावा आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असेही अधिनियमाची अनुसूची सांगते. प्रत्यक्षात काय घडते? दिल्लीतील दर्यागंजचा जुन्या पुस्तकांचा रविवारचा बाजार अर्धशतकाहून अधिक काळ पदपथावर भरत होता. २०१९ मध्ये वाहतुकीच्या कोंडीचे कारण पुढे झाले आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो तेथून उठला. विक्रेत्यांना महिला हाटच्या आवारात जावे लागले. मोटारींची कोंडी पुस्तकांनी केली, हा शोध मोठा अपूर्व म्हटला पाहिजे!

अधिनियमातही एक फट आहे. प्रमाणपत्रासाठी विक्रेत्याला उपजीविकेचे दुसरे साधन नाही, असे हमीपत्र द्यावे लागते. आठवड्यातून दोन दिवस पथारी टाकणारा उरलेले पाच दिवस काय करतो, असा प्रश्न कारकून विचारणार. तो त्या पाच दिवसांत माल गोळा करतो आणि दुरुस्त करतो, हे उत्तर अर्जाच्या कोणत्या रकान्यात बसवायचे?

डाव्या चळवळीलाही येथे हात झटकता येणार नाहीत. जुन्या बाजारवाल्याला छोटा व्यापारी म्हणून बाजूला सारण्याची सवय पक्षांना लागलेली आहे. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतून बाहेर फेकले गेलेले कितीतरी कामगार फेरीवाले झाले. साच्यावर उभा असताना जो वर्गबंधू होता, तो पथारीवर बसताच परका कसा झाला? फेरीवाल्यांच्या संघटनांनी भाजी-फळे विकणाऱ्यांसाठी चिवट लढे दिले, यात शंका नाही. पण आठवड्याच्या बाजारातला विक्रेता, आणि त्यातही भटक्या-विमुक्त जमातींतील विक्रेता, सभासदांच्या यादीत क्वचितच सापडतो.

नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडून द्यायचे असतात आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असल्याच पाहिजेत. त्या जागांसाठी बोहारणी उभ्या राहिल्या पाहिजेत, आणि त्याआधी त्यांची नावे मतदारयादीत चढली पाहिजेत. हे काम प्रभाग शाखांचे आहे. त्यासाठी पहाटे पाच वाजता बाजारात जावे लागेल. पन्नास वर्षांचा पुरावा मागितला जाईल तेव्हा भाड्याच्या जुन्या पावत्या फारच थोड्यांच्या ट्रंकेत निघतील. उरलेल्यांसाठी ज्यांनी पहिल्या पथाऱ्या टाकल्या त्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्यावे लागतील, आणि ती माणसे आता थोडीच उरली आहेत.