निगेटिव्ह कोणाकडे राहणार?

तुळशीचं लग्न लागलं की कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात फार्महाऊस सहजी मोकळं मिळत नाही. मुंबईकर कर्जत लोकलने येतात, पुणेकर द्रुतगती मार्गाने, आणि दोन दिवस अख्खं वऱ्हाड डोंगराच्या पायथ्याशी मुक्कामाला असतं. या लग्नांमधून हल्ली एक मागणी कानावर येते : फोटोग्राफर रोलवर काम करणारा हवा.

माझ्या भाचीचं लग्न भिवपुरी कॅम्पच्या बाजूला झालं. तिनेही हाच हट्ट धरला. घरातल्या मोठ्यांना ते काही पटेना. रोलचे पैसे, धुण्याचे पैसे, स्कॅनचे पैसे, आणि फोटो दिसणार काही आठवड्यांनी! आज रंगीत फिल्मचा 36 फोटोंचा चांगला रोल हजार रुपयांच्या खाली मिळत नाही, हे खरंच आहे. तरी मी भाचीच्या बाजूने उभी राहिले. डिजिटल कॅमेऱ्यावर दोन दिवसांत हजारो फोटो निघतात, ते हार्ड डिस्कवर येतात, निवडायला कुणाला वेळ होत नाही आणि अल्बम राहूनच जातो. अशी किती तरी लग्नं माझ्या ओळखीत आहेत.

तो तरुण फोटोग्राफर 120 फिल्मचा चौकोनी फ्रेमचा कॅमेरा घेऊन आला होता. एका रोलमध्ये फक्त 12 फोटो. मुहूर्त जवळ आला तसा त्याने अर्धवट राहिलेला रोल शेवटपर्यंत गुंडाळून घेतला, उन्हाकडे पाठ करून तो बाहेर काढला, टोकाची कागदी पट्टी जिभेने ओली करून चिकटवली, तिच्यावर पेनाने ‘सीमांतपूजन’ लिहिलं आणि तो थंड पेटीत टाकून नवा रोल भरला. भाचीच्या आईने विचारलं, “अहो, त्यात अजून दोन-तीन फोटो शिल्लक होते ना?” तो म्हणाला, “होते ताई. पण अंतरपाट खाली येतो तेव्हा रोल संपलेला चालत नाही.” मंगलाष्टकं चालू असताना तो पार स्तब्ध उभा होता. अंतरपाट सरकला आणि बटण दाबल्याचा आवाज एकदाच आला. तो फोटो आज घरात आहे : भाचीने नवऱ्याकडे पाहिलेलंच नाही, ती आपल्या आजीकडे पाहते आहे. पैसे मोजायचे ते या नजरेचे, असं माझं ठाम मत आहे.

मात्र भिवपुरीत रोलवर काम करवून घ्यायचं तर उजेडाचा हिशेब आधी करायला हवा. या गावाच्या पश्चिमेला माथेरानचा डोंगर आहे आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत. पंचांगातला सूर्यास्त आणि भिवपुरीतला सूर्यास्त एक नव्हे. ऊन त्याआधीच माथेरानमागे जातं. गोरज मुहूर्त धरलात तर अंतरपाटाच्या वेळी मांडवात फक्त दिव्यांचा उजेड उरतो. फिल्मला जास्त उजेड सोसतो, कमी उजेड सोसत नाही; सावल्या चिखलासारख्या येतात. फ्लॅश मारला तर ज्या मऊ रंगांसाठी हा सगळा खटाटोप, तेच जातात. म्हणून मुहूर्त सकाळचा असेल तर उत्तम. ऊन घाटमाथ्यावरून उशिरा उतरतं आणि तोवर सगळीकडे सारखा, शांत उजेड असतो. टाटांचं इथलं वीजघर 1922 पासून चालू आहे. त्याचे डोंगरावरून उतरणारे पाइपसुद्धा त्या उजेडात फोटोत छान येतात, ते झाकायच्या भानगडीत पडू नका. ते इथलेच आहेत.

एप्रिल-मेचं लग्न असेल तर आणखी एक सांगते. कर्जतला तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो. बंद गाडीत राहिलेल्या रोलचे रंग बिघडतात. फोटोग्राफर रोल कशात ठेवणार, ते विचारा. रात्रीच्या संगीतासाठी जोडीला डिजिटलवाला हवाच. सगळं रोलवर काढण्याचा आग्रह धरू नका. आणि ठरवण्याआधी त्याच्याकडून एका लग्नाचे सगळेच्या सगळे फोटो पाहायला मागा. निवडक वीस फोटो कुणाचेही चांगले असतात.

आता मूळ मुद्दा. आमच्या आईच्या लग्नाचा अल्बम आहे : काळी जाड पानं, मध्ये बटरपेपर, कोपऱ्यांना चिकटवलेले त्रिकोण. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रोल दुकानादुकानांत मिळायचे त्या काळातलं हे लग्न. त्यातले दोन फोटो कुणी तरी कधी काढून नेले आणि कोपरे तेवढे राहिले. पुन्हा कॉपी काढायची म्हणून आम्ही स्टुडिओ शोधत गेलो, तर स्टुडिओ बंद होऊन तिथे दुसरं दुकान आलेलं. निगेटिव्ह स्टुडिओच्या मालकाकडेच राहायच्या, अशी तेव्हा रीत होती. काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हमध्ये चांदी असते, त्यामुळे त्या भंगारातही विकल्या जायच्या. माझ्या आजोबांचा लग्नातला एकमेव फोटो तसा गेला, आणि त्याची चुटपुट मला आजही लागते.

1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 आपल्या बाजूचं आहे. पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, उलट करार नसेल तर, तो काढवून घेणाराच असतो. पण हा हक्क झाला चित्राचा. निगेटिव्हची पट्टी कुणाच्या कपाटात राहणार, हे वेगळं लिहून घ्यावं लागतं. पुष्कळ लॅब आता फक्त स्कॅन पाठवतात आणि निगेटिव्ह कुणी मागितल्या नाहीत तर त्या तिथेच पडून राहतात. मग डिजिटल आणि रोल यांत फरक तो काय उरला? स्कॅन हरवला तर निगेटिव्हवरून पुन्हा करता येतो, तीस वर्षांनी कदाचित आजच्यापेक्षा चांगलाही येईल. उलटं होत नाही. कोकणपट्टीच्या पावसात निगेटिव्हला बुरशी लागते, म्हणून आम्ही भाचीच्या लग्नाच्या पट्ट्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवल्या आहेत.

तेव्हा फोटोग्राफर ठरवताना दर, रोल किती, फोटो कधी मिळणार हे सगळं विचाराच; पण ‘धुतलेल्या सर्व निगेटिव्ह वधूवरांच्या स्वाधीन केल्या जातील’ ही एक ओळ करारात आली आहे ना, ते पाहा आणि त्यानंतरच इसार द्या.