सेवेचा नव्हे, आजाराचा प्रश्न

संपादक महोदय,

‘एकत्र कुटुंब हेच स्मृतिभ्रंशावरचे औषध’ ही गेल्या अंकातील लेखाची मांडणी दिशाभूल करणारी आहे. स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण असलेला अल्झायमर हा म्हातारपणाचा भाग नसून मेंदूचा आजार आहे. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये जिच्या या आजाराची नोंद मांडली, ती स्त्री १९०१ मध्ये रुग्णालयात दाखल झाली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. एकटेपणाने धोका वाढतो, एवढे मान्य. पण हा आजार भरल्या घरातही होतोच.

‘सुनांना सेवा नको’ हा शेरा तर अन्यायाचा. माझ्या सासूबाई दिवेलागणीला माहेरी जायला निघतात, मलाच चोर म्हणतात, रात्रभर दाराची कडी वाजवतात. मदतनीस परवडत नाही अशा घरात हे सारे बहुधा एकच बाई निभावते. देशात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना दिवसभर सांभाळणारी केंद्रे तालुक्याच्या गावी कुठे आहेत, हे लेखकाने विचारायला हवे होते.

आणि ‘आठवतंय का?’ असे रुग्णाला सतत विचारत राहण्याचा सल्ला कृपया मागे घ्यावा. त्याने माणूस घाबरतो, चिडतो. पुढील अंकात मेंदूविकारतज्ज्ञाचा लेख छापावा.

– एक वाचक, सांगली