जुने यंत्र बाद केव्हा होते?

आमच्या नांदगाव तालुक्यातील एका परिचित कुटुंबात सध्या एक वाद उपस्थित झाला आहे आणि त्याचा विचार आम्ही या सदरातून करावा, अशी त्या घरच्या वडीलधाऱ्यांची इच्छा आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी परदेशी गेलेल्या पुतण्याने त्यांस एक धातुशोधक यंत्र आणून दिले होते. कांद्याच्या काढणीत एखाद्या बाईचे जोडवे निसटले, अथवा बांधावर काम करताना कोणाची अंगठी मातीत गेली, की मंडळी त्या घरी धाव घेतात. आणि बहुतेक वेळा वस्तू सापडते. आता तोच पुतण्या लिहितो की, नव्या मॉडेलांपुढे ते यंत्र केवळ अडगळ होय. ते विकून टाकावे आणि नवे घ्यावे. थोरल्या भावास हे पटत नाही; धाकट्यांस पटते. नव्याची किंमत पाहता घरातील एखाद्या मुलाच्या शिक्षणाच्या खर्चास कात्री लागेल, म्हणून प्रश्न निव्वळ हौसेचा नाही.

प्रथम यंत्राचे मर्म पाहू. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून सतत बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते. ते क्षेत्र जमिनीतील धातूस भिडले म्हणजे त्या धातूतही सूक्ष्म प्रवाह खेळू लागतात, त्यांचे स्वतःचे क्षेत्र निर्माण होते, आणि त्याची चाहूल यंत्रास लागून ते आवाज देते. हे तत्त्व आजकालचे नव्हे. डेव्हिड ह्यूज या शास्त्रज्ञाने 1879 साली अशा प्रकारची तुला सिद्ध केली होती. 1881 च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा शरीरात रुतलेली ती गोळी हुडकण्यासाठी टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल यांनी याच तत्त्वावरील यंत्र वापरले. गोळी सापडली नाही आणि सप्टेंबरात अध्यक्ष मृत्यू पावले. रोग्याच्या बिछान्यातील पोलादी तारांनी यंत्राची दिशाभूल केली, असे त्या अपयशाचे एक कारण सांगण्यात येते. पुढे गेरहार्ड फिशर यांस 1937 साली अमेरिकेत आपल्या यंत्राचे पेटंट मिळाले, आणि दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या कोसात्स्की या अधिकाऱ्याने रचलेले सुरुंगशोधक यंत्र 1942 मध्ये एल् अलामीनच्या रणांगणावर उपयोगी पडले. तेव्हापासून आजपर्यंत साधनांत फरक पडला. तत्त्व मात्र तेच आहे.

‘नवे यंत्र फार खोल पाहते’ हे वाक्य विक्रेते नेहमी उच्चारतात. येथे निसर्गाचा एक कठोर नियम आड येतो. वेटोळ्याचे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होते. धातूकडून परत येणारे क्षेत्रही तसेच क्षीण होत येते. परिणामी, वेटोळ्याच्या रुंदीहून अधिक खोल असलेल्या लहान वस्तूच्या बाबतीत खोली दुप्पट झाली, तर येणारी चाहूल निम्मी न राहता सुमारे चौसष्टावा हिस्सा उरते. म्हणून वीतभर खोलीवरील नाणे जाणणारे जुने यंत्र आणि त्याचे नवे भावंड यांच्यात अंतर पडले, तरी ते बहुधा बोटांनी मोजावे, हातांनी नव्हे.

मग नव्यात काहीच विशेष नाही काय? आहे, आणि ते प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आमच्या भागातील भूमी काळ्या पाषाणाची. या पाषाणात आणि त्यापासून झालेल्या काळ्या मातीत चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात, त्यामुळे जमीनच यंत्राशी बोलू लागते आणि धातूचा क्षीण स्वर त्या गलबल्यात हरवतो. जुनी यंत्रे बहुधा एकाच वारंवारतेवर चालत. जमिनीचा मेळ हाताने खुंटी फिरवून बसवावा लागे. 1991 च्या सुमारास एकाहून अधिक वारंवारता एकाच वेळी योजणारी यंत्रे बाजारात आली, आणि गेल्या काही वर्षांत ती हलकी व तुलनेने स्वस्त झाली. अशी यंत्रे जमिनीचा गलबला पुष्कळ अंशी वेगळा काढतात. शिवाय खिळे, फाळाचे तुकडे, बैलांचे नाल यांच्या दाटीत पडलेले चांदीचे जोडवे निवडण्यात त्यांची बुद्धी जलद चालते. म्हणजे नव्याचा खरा लाभ खोलीत थोडा आणि विवेकात अधिक आहे.

संस्कृतात ‘जीर्ण’ आणि ‘निरर्थक’ असे दोन वेगळे शब्द आहेत, ही गोष्ट येथे ध्यानी धरण्याजोगी आहे. जीर्णता वयाने येते. निरर्थकता प्रयोजन संपल्याने येते. जे जीर्ण झाले त्याचा आपण जीर्णोद्धार करतो. जे निरर्थक झाले त्याचाच त्याग करतो. धातुशोधक यंत्र निरर्थक केव्हा होते? त्याचे वेटोळे फुटले आणि दुसरे मिळेना. त्यास लागणारे विद्युत्घट बाजारातून नाहीसे झाले. अथवा ज्या कामासाठी ते घेतले तेच काम बदलले. केवळ निर्माता नाहीसा झाल्याने यंत्र मरत नाही. टेसोरो ही अमेरिकन कंपनी 2018 च्या सुमारास बंद पडली. तिची साधी, खुंट्यांची यंत्रे हौशी लोक अद्याप आवडीने वापरतात. आणखी एक गोष्ट : वीस वर्षे एकच यंत्र हाताळणाऱ्या माणसाचा कान त्याच्या प्रत्येक सुरास सरावलेला असतो. तो कान नव्या यंत्राबरोबर पेटीत घालून मिळत नाही. तो पुन्हा नव्याने कमवावा लागतो.

परंतु आमच्या मते नव्याजुन्याहून महत्त्वाचा भेद खऱ्याखोट्याचा आहे. ‘शेकडो हातांवरून सोने दाखवणारे नवीन यंत्र’ असे सांगून भोळ्यांस लुबाडणारे लोक आहेत. लोकांस फसवण्याची ही विद्या खेड्यापुरती नाही. एडीई 651 नावाचे स्फोटकशोधक म्हणून विकलेले उपकरण इराकी सरकारनेही मोठ्या संख्येने विकत घेतले होते. ते अमेरिकेत गोल्फचे चेंडू शोधण्यासाठी विकल्या जाणाऱ्या खेळण्यावर बेतलेले, सर्वस्वी निरुपयोगी होते. त्याच्या विक्रेत्यास 2013 मध्ये लंडनच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. आपल्या प्रांतात तर या लोभास गुप्तधनाच्या वेडाची जोड मिळते. धनासाठी अघोरी प्रकार करणे महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले आहे, यावरूनच त्या वेडाचे स्वरूप ओळखावे. म्हणून जुने यंत्र विकायचे झाल्यास ते कोणाच्या हाती जाते याची चौकशी गृहस्थाने अवश्य करावी. दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला निधी सापडल्यास कलेक्टरास कळवावे, असे 1878 च्या निधी कायद्यातच सांगितले आहे, हेही घरातील तरुणांस ठाऊक असावे.

निधीचा विषय निघालाच आहे, तर आमच्याच जिल्ह्यातील जोगलटेंभीचे स्मरण करू. तेथे 1906 साली क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाचा पराभव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला होता. शत्रूचे नाणे म्हणून त्याने ते टाकून दिले नाही. चांदी खरी होती, म्हणून ते नव्या राज्यात चालू ठेवले.

तेव्हा आमचा सल्ला असा. वादविवाद थांबवून परीक्षा करावी. स्वतःच्याच शेतात, स्वतःच्याच काळ्या मातीत, एक जोडवे वीतभर खोल पुरावे. शेजारी एक गंजका खिळा टाकावा. आणि रोज यंत्र चालवणाऱ्याच्याच हाती यंत्र द्यावे. त्याने जोडवे हुडकून काढले, तर यंत्र जीर्ण आहे, निरर्थक नाही. वेटोळ्याची तार व घट तपासून ते राखावे आणि मुलाच्या शिक्षणाचा पैसा शिक्षणासच लावावा. खिळ्यापायी जोडवे हरवले आणि गावचे काम तर पुष्कळ आहे, असे असेल, तर नवे घ्यावे व पुतण्याचे आभार मानावे. तेव्हाही जुने घाईने विकू नये. घरातील एखाद्या जिज्ञासू मुलामुलीस ते उघडून पाहावयास द्यावे. वेटोळ्यातून प्रवाह कसा वाहतो हे त्या मुलांस एकदा हाताने कळले, म्हणजे शेकडो हातांवरून सोने दाखवणारा कोणी दारी आला, तरी त्याचे बोलणे त्या घरात चालणार नाही.