टिटवीचे अंडे आणि आपली करुणा

उन्हाळ्यात देगलूर परिसरातील मुरमाड माळावर आणि लेंडी नदीच्या कोरड्या पात्रात टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. खड्यांनी वेढलेला उथळ खळगा हेच तिचे घरटे. त्यात बहुधा चार अंडी, तीही मातीच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची. अशी अंडी दिसली की मुले ती ओंजळीत घेऊन येतात. त्यामागे बहुतेक वेळा क्रौर्य नसते, अनाथ जीवाविषयीची कणवच असते. परंतु प्रज्ञेवाचूनची करुणा आंधळी असते; तिने अंड्यातील जीव वाचत नाही, दगावतो.

जवळ पक्षी दिसत नाही, एवढ्यावरून अंडे टाकलेले ठरत नाही. अनेक पक्षी सर्व अंडी घालून झाल्यावरच उबवणीस बसतात. तोवर अंडे गार असणे स्वाभाविक आहे. माणसाची चाहूल लागताच टिटवी दूर जाऊन ओरडत राहते. कडक उन्हात नर-मादी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात व अंड्यांना गारवा देतात. सुमारे चार आठवड्यांचे हे काम वसतिगृहातील कापसाच्या खोक्याला किंवा विजेच्या दिव्याला साधणारे नाही. म्हणून अंडे जागीच राहू द्यावे आणि आपण दूर व्हावे. खुणेसाठी फडके बांधू नये, गर्दी करू नये. कावळ्या-कुत्र्यांना त्यातून आयता माग मिळतो. नांगरताना घरटे आढळल्यास तेवढा तुकडा पिले निघेपर्यंत सोडावा. झाडावरून पडलेले अंडे अभंग असेल आणि त्याचे घरटे निश्चित ठाऊक व हाताशी असेल, तर ते अलगद परत ठेवावे.

‘माणसाचा हात लागला की अंडे बाटते, मग पक्षी ते स्वीकारत नाही,’ असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. हे खरे नाही. केवळ स्पर्शामुळे पक्षी अंडी टाकत नाहीत. वारंवार छेडल्याने मात्र टाकू शकतात. स्पर्शाने बाटण्याची कल्पना माणसाची आहे. तिने आपल्या पूर्वजांना पाणवठ्यापासून दूर ठेवले. ती आपण पाखरांच्या माथी मारू नये. या समजाची किंमतही मोठी आहे. ‘आता उपयोग नाही’ असे ऐकलेले मूल अंडे फेकून देते. तेच तत्काळ मूळ खळग्यात ठेवले, तर पिलाला संधी उरते.

सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी कोरविलेल्या स्तंभलेखात पोपट, मैना, चक्रवाक, हंस यांना अवध्य ठरविले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे, त्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे याचाही समावेश ‘शिकार’ या संज्ञेत केला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेल्या मूलभूत कर्तव्यांत प्राणिमात्रांविषयीची दया आणि विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन ही कर्तव्ये लागोपाठच्या खंडांत आहेत. करुणा आणि प्रज्ञा यांची हीच जोड आपल्याला अभिप्रेत आहे.

म्हणून अंडे घेऊन आलेल्या मुलावर शिक्षकाने हात उगारू नये, त्याची हेटाळणीही करू नये. त्याच्यासोबत जाऊन अंडे जागेवर ठेवावे, मग लांबून निरीक्षण कसे करावे ते शिकवावे आणि दिवसांची नोंद वहीत ठेवण्यास सांगावे. पिलू बाहेर येईपर्यंत वाट पाहणे हासुद्धा शीलाचा पाठ आहे.