नवी मोटारसायकल येणार म्हणून थांबावे का?



एका वाचकांचे पत्र आले आहे. उसाचे बिल हाती पडले. थोरल्या मुलाला लांब पल्ल्याची मोटारसायकल हवी आहे. पण तो म्हणतो, "सहा महिने थांबू. नवे मॉडेल येणार आहे. ताकद वाढेल, वजन कमी होईल." थांबावे का, असे ते विचारतात. प्रश्न खताबियाण्याचा नाही, पण बियाण्याच्या पिशवीवरचा आकडा वाचावा तसाच हाही वाचायचा आहे.

झाकून चाचणीला काढलेल्या गाडीचे फोटो मोबाईलवर फिरतात आणि त्यावरून पोरे आकडे सांगू लागतात. असे अंदाज कुठे खरे ठरतात, कुठे फसतात, हे घडून गेलेल्या उदाहरणावरून पाहू. रॉयल एनफील्डने 2016 साली हिमालयन आणली. 411 सीसीचे, हवेवर आणि तेलावर थंड होणारे इंजिन, पाच गिअर, ताकद साधारण 24 अश्वशक्ती. पुढे तिचे वजन पेट्रोल-तेलासह 199 किलोवर गेले. मग नोव्हेंबर 2023 मध्ये गोव्यात नवी हिमालयन निघाली. 452 सीसी, पाण्यावर थंड होणारे इंजिन, सहा गिअर, 40 अश्वशक्ती. म्हणजे ताकद दीडपटीहून जास्त वाढली. वजन मात्र 196 किलो, उतरले तीनच किलो! रेडिएटर आला, टाकी 15 लिटरची 17 लिटरची झाली. त्यांनाही वजन असतेच की.

खरी मेख फेऱ्यांत आहे. जुन्या इंजिनाची जास्तीत जास्त ओढ, म्हणजे कागदावरचा टॉर्क, 32 न्यूटन-मीटर. ती चार ते साडेचार हजार फेऱ्यांवर मिळे. नव्याची ओढ 40, पण साडेपाच हजारांवर. आणि पूर्ण 40 अश्वशक्ती हवी तर इंजिन आठ हजार फेऱ्यांवर न्यावे लागते. आपण रोज इतके पिळतो का? मागे माणूस, पुढे पिशवी आणि समोर घाट असताना तीन हजार फेऱ्यांवर किती ओढ आहे, हे विचारा. ट्रॅक्टर घेताना नुसता एचपी न बघता पीटीओचा एचपी विचारता ना, तसेच.

दुसरा आकडा बैठकीच्या उंचीचा. जुन्या हिमालयनची 800 मिलिमीटर, नव्याची साधारण 825. मुलाला ते चालेल. पण त्याच्या मागे नऊवारी नेसून एका अंगाला बसणाऱ्या आईला विचारले का? घरातली गाडी एकट्याची नसते.

पाण्यावर थंड होणारे इंजिन चांगलेच, उन्हाळ्यात तर फारच. पण त्यात कंपनीने सांगितलेला कूलंटच घालावा. बोअरचे क्षारयुक्त पाणी ओतून ट्रॅक्टरच्या रेडिएटरची काय गत होते, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. मला वेगळे सांगायला नको.

सीसीकडेही लक्ष द्या. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलवर जीएसटी 18 टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांवर 40 टक्के. त्यामुळे येणारी गाडी ही रेघ ओलांडणार असेल, तर किमतीचा अंदाज बांधताना हा फरक धरा.

नुसता रंग, दिवे, मीटर बदलणार असतील तर थांबण्यात अर्थ नाही. इंजिनच नवे येणार असेल तर सहा महिने नव्हे, निघाल्यावर आणखी वर्षभर थांबा. नव्या वाणाने आपण पहिल्याच वर्षी सगळे रान भरत नाही. सुटे भाग तालुक्याला मिळतात का, पहिल्या पावसाळ्यात काय तक्रारी येतात, हे तेवढ्यात कळते.

पत्र लिहिणाऱ्या बंधूंनी मुलाला आणि त्याच्या आईला घेऊन दुकानात जावे, आजच्या गाडीवर दोघांना बसवून चढावर फेरी मारून बघावी. थांबायचे ठरले तर पैसे कपाटात न ठेवता मुदत ठेवीत टाकावे. आणि ठिबकच्या नळ्या यंदा बदलायच्या आहेत, असे तुम्हीच पत्राच्या शेवटी लिहिले आहे. ते काम लागणीआधी उरकून घ्या.