देशोदेशीं : पारपत्रावांचून प्रवास

परदेशगमन म्हटलें कीं पारपत्र आलेंच, अशी आपली समजूत असते. आपल्या जवळचा अपवाद नेपाळचा. मतदाराचें ओळखपत्र दाखवावें आणि काठमांडूस जावें. परंतु ती मुभा दोन स्वतंत्र राष्ट्रांनीं एकमेकांस दिलेली आहे. अमेरिकन नागरिकांसहि सुटी घालविण्यासाठीं अशीं कांहीं स्थळें मोकळीं आहेत. कॅनडा व मेक्सिको येथून भूमार्गानें परततांना पूर्वीं त्यांस पारपत्र लागत नसे. २००९ पासून तें किंवा तत्सम अधिकृत पत्र लागूं लागलें. आतां पारपत्रावांचून जातां येण्याजोगीं स्थळें म्हणजे मुख्यतः अमेरिकन ध्वजाखालचीं दूरचीं बेटें होत.

त्यांत पहिलें पोर्तो रिको. कॅरिबियन समुद्रांतील हें बेट मूळचें स्पेनचें. १८९८ च्या युद्धांत हार खाल्ल्यावर स्पेननें तें आणि पॅसिफिकमधील ग्वाम अमेरिकेच्या स्वाधीन केलें. राजधानी सान ह्वान येथें १५३९ सालीं बांधावयास घेतलेला एल मॉरो किल्ला समुद्रांत घुसलेल्या भूशिरावर उभा आहे. आपले जलदुर्ग पाहिलेल्यास तो परका वाटणार नाहीं. जुन्या शहराच्या गल्ल्यांत निळसर फरसबंदी आहे, पूर्वेस एल युंकेचें घनदाट पर्जन्यारण्य आहे, आणि व्हिएकेस या लहान बेटाच्या एका उपसागरांत रात्रीं हात फिरविला कीं सूक्ष्म जीवांमुळें पाणी उजळून निघतें. याच व्हिएकेसवर अमेरिकन आरमार २००३ पर्यंत बॉंबफेकीचा सराव करीत असे. लोकांनीं सत्याग्रह करून, तुरुंगवास सोसून तो बंद पाडला.

शेजारचीं व्हर्जिन बेटें अमेरिकेनें १९१७ सालीं डेन्मार्कपासून अडीच कोटि डॉलर देऊन विकत घेतलीं. सेंट जॉन बेटाचा निम्म्याहून अधिक भाग राष्ट्रीय उद्यान आहे, आणि येथें मोटारी आपल्याप्रमाणें रस्त्याच्या डाव्या बाजूनें धांवतात. परततांना मात्र जकातीची तपासणी होते. दूर पॅसिफिकमध्यें ग्वाम व उत्तर मारियाना बेटें आहेत. हिरोशिमा आणि नागासाकी यांवर अणुबॉंब टाकणारीं विमानें १९४५ सालीं यांपैकीं टिनियन बेटावरून उडालीं होतीं.

हीं स्थळें पारपत्रावांचून पाहतां येतात, कारण तीं अमेरिकेच्या सत्तेखालीं आहेत. परंतु तीं अमेरिकेचीं घटक राज्यें नव्हत. पोर्तो रिकोच्या लोकांस १९१७ सालीं नागरिकत्व मिळालें, ग्वामच्या लोकांस १९५० सालीं. तरीहि बेटावर राहणाऱ्यास अध्यक्षाच्या निवडणुकींत मत नाहीं. प्रतिनिधिगृहांत त्यांचा प्रतिनिधि बसतो व बोलतो, पण कायदा मंजूर होतांना त्याला मत नसतें. हाच मनुष्य न्यूयॉर्कला बिऱ्हाड करील तर त्याला मत मिळतें. न्यूयॉर्कचा मनुष्य सान ह्वानला राहावयास गेला तर त्याचें मत जातें. एका घरांत पानावर बसवून वाढतांना हात आंखडावा, याला आपल्याकडे पंक्तिभेद म्हणतात.

अमेरिकन सामोआची गोष्ट याहून निराळी. तुतुइला येथील सरदारांनीं १९०० सालीं लेखी करारानें तें बेट अमेरिकेच्या हवालीं केलें. येथील लोक जन्मतः अमेरिकेचे प्रजाजन, पण नागरिक नव्हत. अमेरिकेंत जाऊन राहिले तरी रीतसर नागरिकत्व घेतल्यावांचून त्यांस मत नाहीं. उलट, बेटावरील प्रवेशाचे नियम त्यांचेंच सरकार ठरवितें, आणि अमेरिकन नागरिकासहि पारपत्र, निदान जन्माचा दाखला व छायाचित्राचें ओळखपत्र तरी, दाखवावें लागतें. बहुतेक जमीन ‘आयगा’ म्हणजे विस्तृत कुटुंबाच्या समाईक मालकीची असते. ‘मताई’ हा कुटुंबप्रमुख तिची व्यवस्था पाहतो, आणि परक्यांस ती विकतां येत नाहीं. तेथील राष्ट्रीय उद्यानाची जमीनसुद्धां अमेरिकन सरकारनें गांवकऱ्यांपासून पट्ट्यानें घेतलेली आहे.

अमेरिकेंत राहणाऱ्या कांहीं सामोअनांनीं जन्मसिद्ध नागरिकत्वासाठीं न्यायालयांत दाद मागितली, तेव्हां बेटाच्या सरकारनेंच तिला विरोध केला. समतेचा कायदा जसाच्या तसा लागू झाला तर कुटुंबाच्या जमिनी परक्यांच्या घशांत जातील, ही त्यांची भीति. २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें प्रकरण ऐकण्याचें नाकारलें.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस या वादाच्या दोन्ही बाजू सांगावयास नकोत. तरुणास स्वतःचा हक्क हवा असतो. वडीलधाऱ्यांस वाटणीची धास्ती असते. पूर्वजांची जमीन टिकावी ही इच्छा रास्तच आहे. परंतु तिच्यासाठीं प्रत्येक मुलानें मत देण्याचा हक्क गहाण टाकावा काय? निर्णय सामोअनांचाच असला पाहिजे. पण ‘जमीन किंवा मत, एकच काय तें निवडा’ अशी पाळी त्यांवर आणणारी राज्यव्यवस्था आम्हांस सदोष वाटते.

अमेरिकेंत असलेल्या आपल्या मुला-सुनांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं ही सवलत मुख्यतः तेथील नागरिकांसाठीं आहे. भारतीय पारपत्र असणाऱ्यांनीं तें व वास्तव्याच्या परवान्याचे कागद बरोबर घ्यावे, आणि सामोआस जावयाचें तर प्रवेशाची चौकशी आधींच करावी. आणि किनाऱ्यावर चार दिवस सुखानें घालवितांना तेथल्या माणसांस त्यांच्या मताविषयीं व जमिनीविषयीं अवश्य विचारावें.