बुडबुडे म्हणजे उकळी नव्हे!

खोपोलीच्या मुलांना पाण्यापासून होणारी वीज नवीन नाही. टाटांचं वीजघर इथं १९१५ पासून आहे. पण जमिनीतल्या गरम पाण्याची ऊर्जा? 'भूऔष्णिक ऊर्जा प्रदूषणमुक्त आहे' एवढं पाठ करून भागणार नाही, असं माझं मत आहे.

पालीजवळच्या उन्हेरे इथल्या गरम पाण्याच्या कुंडांवर सहल न्या. कोकणातल्या अशा झऱ्यांत कुठे बुडबुडे दिसले की मुलं म्हणतात, "पाणी उकळतंय!" मग त्यात माणसं अंघोळ कशी करतात? तो वायू असतो, मुख्यतः नायट्रोजन. खोलवर दाबामुळे तो पाण्यात विरघळलेला राहतो; वर येताना दाब कमी झाला की सुटतो. सोड्याची बाटली उघडून हे वर्गातही दाखवता येतं.

भूऔष्णिक विहीर खोदताना हाच प्रश्न येतो. कार्बन डायऑक्साइड सुटला तर पाइपात चुन्याचे थर बसतात. हायड्रोजन सल्फाइड तर विषारीच. म्हणून सिमेंटने पक्का केलेला पोलादी पाइप, तोंडाशी व्हॉल्व्ह, वायू वेगळा करणारी टाकी, हे सगळं आधीच ठरवावं लागतं.

ऊर्जा स्वच्छ आपोआप होत नाही, विचारपूर्वक करावी लागते. मुलांनी हेच शिकायला हवं.